नळदुर्ग : कोरड्या मुलखातला पाण्याचा किल्ला

वाळवंट म्हटले की आपल्याकडच्या माणसाला राजस्थान आठवत नाही, पंढरपूर आठवते. चंद्रभागेचे वाळवंट, तिथली पालखी, तिथली गर्दी. ओसाड, निर्जल प्रदेश हा त्या शब्दाचा दुसरा अर्थ आपण भूगोलाच्या पुस्तकात शिकलो आणि परीक्षेत लिहून विसरलो. पण मंडळी, खरे सांगायचे तर तो दुसरा अर्थ आपल्याला फारसा परका नाही. माळशिरस, सांगोला, आटपाडी, माण हा सगळा माणदेशचा टापू. वर्षाला वीस-पंचवीस इंच पाऊस पडला तर पडला, आणि तोही मृगात पडेल की हस्तात, याचा भरवसा नाही. जुन्या माणसांना १९७२ सालचा दुष्काळ आठवतो. खडी फोडायला गेलेली माणसे अजून गावोगावी आहेत.

आमच्या श्रीपुरात आज चहूकडे ऊस उभा दिसतो म्हणून नव्या पोरांना हे पटत नाही. त्यांना वाटते, इथे पहिल्यापासूनच हिरवे होते. भाटघरचे धरण १९२८ साली पुरे झाले, नीरेचा उजवा कालवा त्यानंतर दहाएक वर्षांत आपल्या शिवारात फिरला, साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा कुठे ही हिरवळ आली. म्हणजे शंभर वर्षेसुद्धा झालेली नाहीत. त्याआधी इथला शेतकरी काय करत होता, आणि इथला राजा काय करत होता? शेतकऱ्याचे आपल्याला ठाऊक आहे, तो आभाळाकडे बघत होता. राजा काय करत होता, ते बघायला मी गेल्या वर्षी शाळेच्या पोरांबरोबर नळदुर्गला गेलो. त्याच सहलीची ही हकिगत आहे, आणि जे शिक्षक बंधुभगिनी आपल्या वर्गाला घेऊन जाऊ इच्छितात त्यांच्यासाठी थोडी माहितीही आहे.

आता तुम्ही म्हणाल, श्रीपूरहून नळदुर्ग म्हणजे जिल्हा ओलांडून पलीकडे, धाराशिवच्या हद्दीत, तुळजापूर तालुक्यात. जवळ काही नव्हते का? होते की! वेळापूरचे अर्धनारी नटेश्वराचे देऊळ यादवांच्या काळचे आहे. अकलूजला नीरेच्या काठी किल्ला आहे. १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वराला संभाजी महाराज पकडले गेले, ती बातमी औरंगजेबाला कळली तेव्हा त्याचा तळ अकलूजला होता. पुढे मंगळवेढ्याजवळ माचणूरला भीमेच्या काठी त्या बादशहाने १६९५ पासून १६९९ पर्यंत चार-साडेचार वर्षे मुक्काम ठोकला. हे सगळे अंगणातलेच आहे आणि ते पाहिलेच पाहिजे. पण मला पोरांना दाखवायचे होते ते पाणी. पाणी आणि किल्ला यांचे नाते नळदुर्गाइतके उघडे करून सांगणारी जागा मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

वाटेत सोलापूर लागते. तिथल्या भुईकोटात तासभर थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये. हा किल्ला बहमनी अमदानीतला, चौदाव्या शतकातला. दुहेरी तट, भोवती खंदक, आणि एका अंगाला सिद्धेश्वराचे तळे. ते तळे किल्ल्यापेक्षा जुने. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी ते खणवले असे सोलापूरकर अभिमानाने सांगतात. किल्ल्याच्या आत, जमिनीच्या पोटातून उकरून काढलेले एका प्राचीन देवळाचे अवशेष आहेत. कोरीव खांब, जोते, ओळीने पडलेले दगड. भोवती बाग केलेली आहे, झाडाखाली माणसे वर्तमानपत्र वाचत बसतात. पोरे त्या खांबांवर चढायला धावली, त्यांना आवरावे लागले. गुरुजनहो, इथे मुलांना एक काम द्या. तटाच्या भिंतीत देवळाचा दगड बसवलेला कुठे दिसतो ते शोधायला सांगा. एखाद्या चिऱ्यावर नक्षी उलटी बसलेली सापडते. ज्याला ती सापडते त्याला इतिहास पाठ करावा लागत नाही.

याच सोलापूरच्या किल्ल्यापायी दोन राजघराणी चाळीस वर्षे भांडली, आणि भांडणाचे मूळ होते हुंडा! १५२४ च्या सुमारास विजापूरच्या इस्माईल आदिलशहाने आपली बहीण अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली. लग्नात सोलापूर देण्याचे बोलणे झाले आणि लग्नानंतर किल्ला काही सुटेना. मग लढाया. आपल्याकडे मोटारसायकलीपायी सून माहेरी धाडतात, तिथे किल्ल्यापायी फौजा धाडल्या. पुढे १५६४ च्या आसपास उलट लग्न झाले. निजामशहाची लेक चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, आणि तिच्याबरोबर सोलापूर विजापूरकरांकडे गेले. मग हे सगळे सुलतान एक झाले आणि १५६५ च्या जानेवारीत तालिकोटच्या रणात विजयनगरचे राज्य बुडाले. ती चांदबिबी म्हणजे १५९५-९६ साली अहमदनगरच्या तटावर उभी राहून मोगलांशी झुंजली तीच. तिचे नाव ध्यानात ठेवा, नळदुर्गाच्या गोष्टीशीही तिच्या काळाचा संबंध येतो.

सोलापूरहून हैदराबादच्या सडकेला लागले की पाऊण-एक तासात नळदुर्ग. वाटेत तुरी, ज्वारी, मधून मधून द्राक्षाचे मांडव आणि बाकी काळी, भेगाळलेली जमीन. आम्ही गेलो ते माघात. पोरांना धबधबा बघायचा होता आणि मला ठाऊक असूनही मी त्यांना आधी सांगितले नव्हते, की माघात धबधबा नसतो. हा माझा गाढवपणा. किल्ल्याच्या दारात शेंगा विकणाऱ्या एका आजोबांनी मला सुनावले, “गुरुजी, पाणी बघायचं तर पावसाळ्याच्या टोकाला यावं. आत्ता नुसती भिंत बघा.” मी म्हणालो, “आजोबा, भिंतच बघायला आलोय.” ते हसले. पण पोरे काही हसली नाहीत.

तर ही भिंत काय आहे ते नीट समजून घेऊ. बोरी नावाची एक लहानशी नदी आहे. लहान म्हणजे आपल्या नीरेपुढे ओढाच. ती काळ्या पाषाणाच्या एका पठाराला वळसा घालून जाते. त्या वळशाच्या आतल्या पठारावर किल्ला. सुमारे तीन किलोमीटरचा तट, आणि त्यात एकशे चौदा बुरूज. बुरूजही एका साच्याचे नाहीत. एक तर फुलासारखा, नऊ पाकळ्यांचा आहे, त्याला नवबुरूजच म्हणतात. किल्ल्याच्या मधोमध उंचावर उपळ्या बुरूज आहे, त्यावर लांबलचक तोफा पडलेल्या आहेत. तिथे पायऱ्यांनी चढून उभे राहिले की मैलोगणती मुलूख दिसतो. म्हणजेच मैलोगणती अंतरावरून येणारी फौज दिसत होती. सह्याद्रीतल्या गडाला डोंगर राखतो. सपाटीवरच्या भुईकोटाला डोळे लागतात, म्हणून हा बुरूज.

नाव नळदुर्ग का? नळ-दमयंतीची गोष्ट लोक सांगतात. नळराजाने किल्ला बांधला म्हणे. पोरांना ती गोष्ट जरूर सांगा, छान आहे, पण इतिहासाच्या वहीत ती गोष्ट म्हणूनच लिहून घ्या. कागदोपत्री किल्ला बहमनी काळापासून स्पष्ट दिसतो. बहमनी राज्य फुटल्यावर तो विजापूरच्या आदिलशहांकडे आला. अली आदिलशहाने १५५८ च्या सुमारास दगडी तटबंदी पक्की केली. १६८६ साली विजापूर बुडाले, तेव्हा किल्ला मोगलांकडे गेला, आणि पुढे निजामाकडे.

मधली एक गोष्ट सांगायची राहिली. १५८० साली अली आदिलशहा मारला गेला आणि त्याचा पुतण्या इब्राहिम गादीवर बसला. वय नऊ-दहा वर्षांचे. राज्य सांभाळायला मागे चांदबिबी, पण दरबारात कारभाऱ्यांची एकमेकांच्या उरावर बसण्याची चढाओढ. शेजाऱ्याच्या घरात भांडण लागले की बांध कोरणारे सगळीकडे असतात. अहमदनगर आणि गोवळकोंडा या दोघांच्या फौजा एकत्र येऊन नळदुर्गाला वेढा घालून बसल्या. पुष्कळ दिवस बसल्या, तोफा डागल्या, आणि शेवटी हात हलवत परत गेल्या. किल्ला पडला नाही.

हा वेढा पडला तेव्हा जो मुलगा गादीवर होता, त्यानेच मोठेपणी, १६१३ साली, बोरी नदीवर ती भिंत घातली. दुसरा इब्राहिम आदिलशहा तो. गाण्याबजावण्याचा शौकीन, स्वतः दख्खनी भाषेत पदे रचणारा, लोक त्याला जगद्गुरू म्हणत. वेढ्याची आठवण आणि धरणाचा बेत यांचा संबंध लावणारा कागद माझ्यापाशी नाही. पण पोरगेपणी ज्याच्या राज्यात असला वेढा पडला, त्याने मोठेपणी त्याच किल्ल्याला पाण्याचा पहारा बसवावा, हे मला तरी सहज समजते.

भिंत नदीच्या आडवी आहे. एका टोकाला मुख्य किल्ला, दुसऱ्या टोकाला पलीकडच्या टेकाडावरचा जोडकिल्ला, त्याला रणमंडळ म्हणतात. भिंतीची उंची नव्वद फुटांच्या आसपास. काळा घडीव दगड, चुन्याचा दर्जा. माथ्यावरून चालत एका किल्ल्यातून दुसऱ्या किल्ल्यात जाता येते. म्हणजे एकाच बांधकामात धरण झाले, पूल झाला आणि तटही झाला. पाणी अडले की ते मागे पठाराच्या कड्याशी फुगते. त्या बाजूने शत्रूला शिडी लावायला जमीनच उरत नाही. आणि आतल्या माणसाला तहान नाही, घोड्याला तहान नाही.

आता खरी गंमत. त्या भिंतीच्या पोटात खोल्या आहेत. माथ्यावरून अरुंद जिना खाली उतरतो. अंधारातून, हात भिंतीला लावत लावत जावे लागते. निम्म्याहून अधिक खाली गेल्यावर एकदम उजेड येतो, आणि आपण कमानींच्या सुबक दालनात उभे असतो. हा पाणीमहाल. पुढे सज्जा आहे. पाठीमागे, भिंतीच्या पलीकडे, अडलेली नदी. पावसाळ्यात नदी भरली की भिंतीवरच्या दोन सांडव्यांतून पाणी खाली कोसळते. या दोन धारांना लोकांनी नर आणि मादी अशी नावे दिली आहेत. पाणी दालनाच्या समोरून पडद्यासारखे खाली जाते आणि आत बसलेल्या माणसाच्या अंगावर थेंब येत नाही. बांधणाऱ्याचे नाव मीर मुहम्मद इमादीन असे मिळते. आत फारशी शिलालेखही आहे.

इथे मी पोरांना खाली बसवले आणि गणित घातले. एक घनफूट पाणी वजनाला साधारण अठ्ठावीस किलो. नव्वद फूट खोल पाणी उभे राहिले तर तळाच्या एका चौरस फुटावर किती भार? अठ्ठावीस गुणिले नव्वद. एका मुलीने चटकन सांगितले, अडीच हजार किलो. म्हणजे अडीच टन. आमच्याकडची पोरे ती, टनाचा हिशेब त्यांना उसावरून बरोबर कळतो. उसाने भरलेली एक टायरगाडी, एका फरशीएवढ्या जागेवर! आणि तशा किती फरश्या त्या भिंतीत तळाशी असतील? असा दाब सोसणारी भिंत बांधायची आणि तिच्याच पोटात पोकळी ठेवून तिथे राजाने वारा खात बसायचे. किती जाडी ठेवली तर भिंत टिकेल, पोकळी कुठे घेतली तर धोका नाही, दगडाच्या सांध्यांतून पाझर कसा थोपवायचा, हे त्या माणसाने कागदावर मांडले असेल की अनुभवाने ताडले असेल? चारशेहून अधिक वर्षे ती भिंत महापूर अंगावर घेऊन उभी आहे. आपल्या गावच्या बंधाऱ्याची आठवण मी इथे काढत नाही!

पाण्याचा हा विचार मराठ्यांच्या किल्ल्यांतही होता. रामचंद्रपंत अमात्यांची ‘आज्ञापत्र’ राजनीती १७१५ च्या सुमाराची. त्यात ते बजावतात, की गड बांधायचा तर आधी जागेवर पाणी पाहावे. पाणी नसेल आणि जागा सोडवत नसेल तर खडक फोडून टाकी करावीत. एका झऱ्यावर विसंबू नये, कारण लढाईत तोफांच्या हादऱ्याने झरे आटतात. मला हे वाक्य नेहमी नवल वाटायला लावते. तोफ शत्रूची असो की आपली, तिच्या आवाजाने पाणी पळते! ज्याने वेढा सोसला आहे त्यालाच हे सुचेल.

पाण्याची उलट बाजूही एकदा पाहा. नळदुर्गाच्या वायव्येला परांड्याचा किल्ला आहे, तोही भुईकोट. १६३०-३१ साली दख्खनेत फार मोठा दुष्काळ पडला होता, माणसे देशोधडीला लागली होती. अशा वेळी मोगलांच्या आझमखानाने परांड्याला वेढा घातला. त्याला तट भेडसावला नाही इतका चारा भेडसावला. कित्येक कोस गवताची काडी नाही, हत्ती-घोडे-बैल उपाशी. वेढा उठवून त्याला निघून जावे लागले. म्हणजे आपला हा कोरडा मुलूख हाच किल्ल्याचा बाहेरचा तट. आत पाणी साठवा, बाहेर फुफाटा असू द्या, शत्रू आपोआप परत जातो. अर्थात त्या फुफाट्यात जो शेतकरी होता त्याचे काय झाले, ते बखरी सांगत नाहीत.

जगात असे किल्ले आणखी आहेत. खऱ्या अर्थाने वाळवंटात, इस्रायल देशात मृत समुद्राच्या काठी मसादा नावाचा एक डोंगरी किल्ला आहे. दोन हजार वर्षांपूर्वी हेरोद राजाने तो सजवला. तिथे पाऊस म्हणजे वर्षाकाठी दोन-चार इंच. तरीही जवळच्या ओढ्यांतून क्वचित येणारे पाणी बांध घालून वळवले आणि डोंगरात कोरलेल्या प्रचंड टाक्यांत साठवले. सगळ्या टाक्यांत मिळून सुमारे चार कोटी लिटर पाणी मावे असा हिशेब अभ्यासकांनी केला आहे. इ. स. ७३-७४ च्या सुमाराला रोमन फौजेने तो किल्ला घेतला, पण तहानेने मारून नव्हे. त्यांनी कड्याला लागून माती-दगडांचा भला थोरला उतार रचला आणि त्यावरून वर चढले. १९६३ ते १९६५ या काळात तिथे मोठे उत्खनन झाले. आता ती राखून ठेवलेली जागा आहे आणि जगभरची माणसे ती पाहायला जातात. आणि आपल्याला जवळची गोष्ट अशी, की त्या वाळवंटी भागातल्या दिमोना, बेरशेबा या गावांत आपल्या कोकणातून गेलेली बेने इस्रायल मंडळी राहतात. ज्यांना अलिबागकडे शनवार तेली म्हणत, तीच. त्यांच्या घरांत मराठी बोलली गेली, ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी तिथे काढले. म्हणजे मसाद्याच्या टाक्या बघून “अगं बाई, केवढं हे!” असे म्हणणारे कुणीतरी तिथे असणारच.

पुन्हा नळदुर्गाकडे येऊ. उपळ्या बुरुजावर डबे सोडून जेवायला बसलो असताना सातवीतला एक मुलगा माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, “सर, हा किल्ला आपला का त्यांचा?” मी विचारले, “त्यांचा म्हणजे?” तो म्हणाला, “म्हणजे इथं शिवाजी महाराज आले नव्हते ना?”

प्रश्न सरळ होता आणि मला चटकन उत्तर सुचले नाही. हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही, कारण असा प्रश्न पुष्कळ शिक्षकांना येत असेल. आपण वर्गात किल्ले शिकवतो ते बहुधा कुणी घेतला आणि कुणी सोडला एवढेच. मग मूल साहजिकच बाजू धरते. मी त्याला म्हटले, “तू घरी जाताना त्या भिंतीचा एक चिरा बघ. त्याच्यावर टाकीचे घाव दिसतात की नाही?” तो म्हणाला, दिसतात. “ते घाव कुणी घातले असतील? बादशहाने?” तो हसला. दगड फोडणारे, घडवणारे, चुना मळणारे, पखालीने पाणी वाहणारे, कामकऱ्यांना भाकरी थापणाऱ्या बाया, हे सगळे याच मुलखातले. वडार, पाथरवट, बेलदार, लोहार. आणि त्यांच्या मजुरीचा पैसा कुठून आला? ज्वारीच्या शेतसाऱ्यातून. विजापूरच्या दरबारात फारशी चाले, पण गावचा जमाबंदीचा हिशेब मराठीत लिहीत, कुळकर्णी लिहीत, पाटील वसूल करीत. शिलालेखावर नाव राहिले ते बांधवणाऱ्याचे आणि आखणी करणाऱ्याचे. बाकीच्यांची नावे त्या घावांत आहेत. मुलगा गप्प राहिला. त्याला पटले की नाही, मला माहीत नाही. पण उतरताना तो भिंतीवरून हात फिरवत उतरला एवढे मी पाहिले.

नळदुर्गाची कहाणी तिथे संपत नाही. १८५३ साली निजामाने कर्जापोटी हा प्रांत इंग्रजांकडे सोपवला, आणि मेडोज टेलर नावाचा साहेब कारभारी म्हणून इथे आला. ठगांवर कादंबरी लिहिणारा तोच. तो किल्ल्यातच राहत असे आणि पाणीमहालाचे त्याने आपल्या आठवणींत कौतुकाने वर्णन केले आहे. १८६० साली प्रांत निजामाकडे परत गेला. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत नळदुर्ग हेच जिल्ह्याचे ठाणे होते, मग ते धाराशिवला गेले.

आणि १९४८. हैदराबादचे संस्थान भारतात यायला तयार नव्हते. रझाकारांच्या जुलमाने सरहद्दीवरची माणसे सोलापूरकडे पळून येत होती. ज्यांच्या घरी तेव्हा पाहुणे म्हणून अशी कुटुंबे उतरली होती, त्यांच्या नातवंडांना आजही त्या गोष्टी ठाऊक आहेत. १३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे भारतीय फौज सोलापूरहून याच हैदराबादच्या सडकेने निघाली. पहिला अडसर कोणता? नळदुर्गचा किल्ला आणि बोरी नदीवरचा पूल. पूल उडवला गेला असता तर रणगाडे अडले असते. फौजेने चपळाई करून पूल शाबूत ताब्यात घेतला आणि त्याच दिवशी नळदुर्ग हाती आले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती दिली. वाहती नदी, तिच्या काठचा किल्ला आणि त्याला वळसा घालून जाणारी वाट. १५८० साली ज्याला महत्त्व होते त्यालाच १९४८ साली महत्त्व होते. मी हे पोरांना पुलावर उभे करून सांगितले. सडकेवरून ट्रक धाडधाड जात होते, निम्मे ऐकू गेले नसेल.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. धबधबा पाहायचाच असेल तर भाद्रपद-आश्विनाच्या सुमाराला जा, आणि आधी चौकशी करून जा. बोरीवर आता वरच्या अंगाला नवे धरण झाले आहे. ते भरून वाहिले तरच नर-मादी कोसळतात. चांगला पाऊस नसेल त्या वर्षी कोसळतही नाहीत. पाणी असेल तेव्हा गर्दी फार, पोरे हाताला धरून ठेवावी लागतात, जिन्यात तर नक्कीच. नुसता इतिहास शिकवायचा असेल तर उन्हाळा सुरू होण्याआधी, कोरड्या दिवसांत जा. तेव्हा भिंत उघडी दिसते. सोबत दोरी आणि मोजपट्टी घ्या. बुरूज मोजायला लावा, दोन गटांचे आकडे कधीच जुळत नाहीत, मग पुन्हा मोजावे लागते आणि किल्ला दोनदा पाहून होतो. जवळच मैलारपूरचा खंडोबा आहे. देव काही काळ इथे आणि काही काळ अणदूरला राहतो, पौषात मोठी यात्रा भरते. वेळ उरला तर तिथेही जाऊन यावे.

आणि एक तक्रार. पाणीमहालाच्या कमानींवर, जिथे हात पोचेल तिथे, माणसांनी आपली नावे कोरली आहेत. बाण मारलेली हृदये आहेत, गावांची नावे आहेत. आमच्या तालुक्यातल्या एका गावाचेही नाव पाहिले आणि मान खाली गेली. तेवढ्यात तो सातवीतला मुलगा आला. मी त्याला ते नाव दाखवले. त्याने ते वाचले, खिशातला रुमाल ओला करून पुसायला लागला. पुसले जाईना. ते खोल कोरलेले होते.